किरकोळ नावाचा कप्पा

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण उजवा गुडघा सध्या असहकार पुकारून बसलाय. तेव्हा सप्तांग समजून गोड मानून घे.

या जगात आजवर पुष्कळ अन्याय होऊन गेले असतील, पण आमच्या ग्रंथपालबाईंनी छापून घेतलेल्या तक्त्यातला शेवटचा रकाना पाहिलास तर बाकीचे तू विसरशील. रकान्याचं नाव 'कारण'. रुंदी दोन बोटं. सर्व्हरच्या डिस्कवरचा एकेक कप्पा कशासाठी आहे, ठेवायचा की पुसायचा, आणि का, हे सगळं त्यात सुवाच्य अक्षरात लिहायचं. ज्याने विद्यार्थिदशेत एका सूत्रावर अकरा पानांचं भाष्य लिहून गुरुजींना झोपवलं, त्याला दोन बोटं! ही तक्रार ऐकून घेणारं दुसरं कुणी नाही, म्हणून तुला लिहितोय. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझं सांगायचं राहून जातं.

प्रकरण असं आहे. तुझी एकसष्ट पुस्तकं आणि इतरांची तीनेकशे, म्हणजे ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी तुम्ही लोकांनी वाचून ठेवलेलं सगळं, ज्या सर्व्हरवर आहे त्याची ऑपरेटिंग सिस्टिम आता म्हातारी झाली. नवी घालायची. आता डिस्क म्हणजे आपलं लहानपणचं सामायिक कपाट समज. तू खडूने रेघ मारून वरचा खण स्वतःकडे घेतला होतास आणि माझं व्याकरण तुझ्या हद्दीत आलं की जमिनीवर फेकायचीस, ते. अकरा वर्षांपूर्वी मीही अशाच रेघा मारल्या. सिस्टिमला वीस जीबी दिले, तेव्हा ती चैन वाटली होती. नवीला पन्नास हवेत. आणि एकदा आखलेला कप्पा वाढवायचा तर तो फक्त शेजारच्या रिकाम्या जागेतच वाढतो, पलीकडे उडी मारत नाही. हे ठाऊक होतं म्हणूनच मी तेव्हा सिस्टिमच्या शेजारी साठ जीबी मोकळे राखले होते. माझ्या दूरदृष्टीबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती, कारण दुसरं कुणी थोपटणार नव्हतं.

गेल्या मंगळवारी बाई तक्ता घेऊन समोर बसल्या. सिस्टिम, ठीक. नोंदी, ठीक. पुस्तकं, याला तर हातच लावायचा नाही. मग चष्मा नाकावर सरकवून म्हणाल्या, हे 'किरकोळ' काय आहे हो? किरकोळ म्हणता आणि अर्ध्याहून जास्त कप्पा भरलाय? मी म्हणालो, बघून सांगतो. गृहपाठ न केलेला विद्यार्थी जसं वहीवर हात ठेवून बोलतो, अगदी तसं.

बघायची गरज नव्हती, ताई. राखीव जागा ज्याने राखली त्यानेच बळकावली होती. दर गुरुवारी ग्रंथालय बंद असताना तू त्या कोंदट खोलीत वाचायला बसायचीस आणि मी काचेपलीकडे. नंतर तुझं अडखळणं, खोकणं, कागदांची सळसळ छाटून स्वच्छ पुस्तक तयार करायचं, हे माझं काम. छाटलेलं फेकून द्यायचं असतं. मी पहिल्या गुरुवारी ते 'उद्या टाकू' म्हणून शेजारच्या मोकळ्या जागेत ठेवलं. तो उद्या अकरा वर्षांत उजाडला नाही. साठ तासांचं झालंय.

पुसायच्या आधी दोन वेगळ्या डिस्कवर त्याच्या प्रती घेतल्या. यंत्राने मेळ घालून तंतोतंत असा निर्वाळाही दिला. शहाण्या माणसाने तिथे थांबायचं. मी कानाला हेडफोन लावून तीन दुपारी बसून राहिलो. "पंडित, पंखा बंद कर, पानं उडतायत." "थांब, शिंक येतेय. नाही, गेली. आली!" मधमाशीपालनाच्या पुस्तकात तू मध्येच म्हणतेस, या गृहस्थांना कधी माशी चावलेली दिसत नाही, फार प्रेमाने लिहितात. एका कादंबरीत नायकाचा बाप प्राण सोडतोय आणि तू हसत सुटलीस, कारण काचेपलीकडे मी जांभई देताना पकडलो गेलो होतो. बाप सात वेळा मेला त्या दिवशी. आणि आई गेली त्यानंतरचा पहिला गुरुवार. वाक्याच्या मध्येच तू थांबतेस. अकरा सेकंद काहीच नाही. मग एकदा नाक ओढल्याचा आवाज, आणि "हं, चल." पुस्तकात ते वाक्य अखंड आहे. वाचकाला सांधा सापडणार नाही, इतकं सफाईने मी ते जोडलंय. पण ते अकरा सेकंद मला टाकवले नाहीत.

तुझं घशाचं ऑपरेशन या गुरुवारी सकाळी नऊला आहे, हे मी विसरलेलो नाही. तो विषय मी इथवर टाळला, हे तुझ्याही लक्षात आलं असेलच. गाठ साधी आहे, शस्त्रक्रिया नेहमीची आहे, हे सर्जनबाई म्हणाल्या ते भाऊजींनी मला तीनदा सांगितलं. गाठीच्या मागून आवाजाची नस जाते आणि क्वचित एखाद्याचा आवाज नंतर बदलतो, हे त्या म्हणाल्या ते मात्र एकदाच, आणि तेही जिन्यात.

काल दुसऱ्या एका जुन्या यंत्रावर कामाची रंगीत तालीम केली. योजना सात वेळा लिहिलेली, कप्प्यांचे आकडे तोंडपाठ. तुला माहीतच आहे, पाठांतरात आपल्याला तोड नाही. तरी 'पुसा' म्हणताना मी 'किरकोळ'ऐवजी 'पुस्तकं' निवडलं. यंत्राने विचारलं, नक्की? मी म्हणालो, नक्की. चार सेकंदांत सगळं गेलं. तालीमच होती म्हणून बरं, खऱ्या पुस्तकांना धक्काही लागला नाही. पण बाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, पंडित, तुमचं लक्ष कुठंय? आणि मी, जो दोन बोटांच्या रकान्यावर अर्धं पान रडू शकतो, त्या बाईंसमोर एकच वाक्य बोललो, की गुरुवारी माझ्या बहिणीचं ऑपरेशन आहे. त्या म्हणाल्या, अहो, मग हाच गुरुवार का मागून घेतलात? मी तर पुढचा देत होते! सर्व्हर काय पळून जातोय?

आता ते सांगतो, ज्यासाठी हा सगळा पसारा मांडला. परवा तू फोनवर विचारलंस, गुरुवारी येशील ना रे? मी म्हणालो, ग्रंथालय गुरुवारीच बंद असतं, सर्व्हरचं काम त्याच दिवशी, माझ्या हातात काही नाही. तू म्हणालीस, बरं, कामाचं बघ. ते खोटं होतं, ताई. माझ्याच हातात होतं. तुझी तारीख कळल्यावर मी स्वतः जाऊन हा गुरुवार मागून घेतला, म्हणजे इस्पितळातल्या त्या बाकावर बसावं लागणार नाही. आता काम पुढच्या गुरुवारवर ढकललंय. तक्त्यातल्या रकान्यात 'बहिणीचा आवाज, प्रत घेतली' असं लिहिलं. बसलं दोन बोटांत. परवा, गुरुवारी, सकाळी आठला मी भाऊजींच्या शेजारी असेन. आवाज बदलला तर तू काय करशील याची मला काळजी नाही, तू त्याही आवाजात मला पंखा बंद करायला लावशील. मला भीती माझी वाटते. शुद्धीवर आल्यावर तू पहिला शब्द बोलशील आणि माझ्या तोंडाकडे बघशील. लहानपणापासून माझं तोंड तुला वाचता येतं. तो आवाज तुझा नसला, तर तुला ते माझ्या चेहऱ्यावरून कळेल.

तुझाच, काचेपलीकडचा
पंडित