लबनने थिनर उतरत नाही

उस्ताद, अल कुसैसच्या ज्या गॅरेजमध्ये तुम्ही मला गाड्या रंगवायला शिकवलंत, तिथे आता तुमच्या जागी मी आहे, आणि मला तुमच्याशी भांडायचंय. पहिल्या दिवशी मी तोंडाला फडकं बांधलं, तर तुम्ही ते ओढून काढलंत. "नवाबसाब, वास घेतल्याशिवाय रंग सुकला की नाही ते कळणार कसं?" सगळे हसले. संध्याकाळी आपण कोपरापर्यंत थिनरने हात धुतोय, आणि तुम्ही स्वतःच्या खिशातून आणलेलं गार लबन एकेकाच्या हातात देताय. "पी. आत गेलेलं थिनर धुऊन निघेल." त्या ताकाइतकं मायेचं इथे मला कुणी काही दिलं नाही. म्हणून तर इतकी वर्षं मीही माझ्या माणसांना तेच पाजलं.

परवा रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून विचारलं, "चाचा, कितना पीते हो?" म्हटलं, "चाय. दिन में छह." मग त्यांनी काम विचारलं आणि समजावलं. थिनरची वाफ नाकातून, कातडीतून आत जाते, लिव्हर ती फोडायला बसतं आणि त्या फोडाफोडीत स्वतःच गंजत जातं. गंज रोखायचं थोडं सामान शरीराकडे असतं, पण रोजच्या माऱ्यापुढे ते पुरत नाही. ताक खुशाल प्या, आधी वाफ बंद करा. उस्ताद, गंज मला कुणी शिकवायला नको. दरवाजाच्या आत पाणी झिरपत असताना वरून कितीही रंग मारा, फोड येणारच.

दुसऱ्या दिवशी मी स्प्रेगनला हात लावला नाही. मॅनेजरला सांगितलं, फिल्टरचे मास्क, हातमोजे आणि वाफ ओढणारा पंखा आल्याशिवाय एकही गाडी रंगणार नाही. तो म्हणाला, "चाचा, इस उमर में नेतागिरी? व्हिसा कॅन्सल कर दूँ?" म्हटलं, "कर दो. खलास. मग तुझ्या गाड्या तूच रंगव." चार दिवस गाड्या उभ्या. पाचव्या दिवशी मास्क आणि मोजे आले. पंखा अजून यायचाय. तोवर शटर उघडं ठेवतो. ओल्या रंगावर धूळ बसते, तो ओरडतो. ओरडू दे.

हे सगळं तुमच्या मुलांना वाचायला मिळावं म्हणून पाकिटावर दापोलीचा पत्ता लिहिला. तिथेच थांबलो. तुमचं लिव्हर गेलं आणि पाठोपाठ तुम्हीही गेलात, तेव्हा खोलीतले सगळे म्हणाले, लपून दारू पीत असणार, आणि तीच गोष्ट तुमच्या घरी पोचली. तुमच्या शेजारच्या खाटेवर मी नऊ वर्षं झोपलो होतो. तुम्ही थेंबही घेत नव्हता, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्या दिवशी मीही मान डोलावली.