रंग उतरायची सुट्टी

१२ एप्रिल १९९८, रविवार
पार्कचं ठरलं. दिन्यानेच जेवताना काढलं. मे महिन्यात कारखाना दोन आठवडे बंद, टाक्या धुवायला. "आई, तवा जाऊ. दोन रात्री तिथंच राहायचं, खोली देतात." खाडीच्या पलीकडं नवीन निघालंय ते. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि काय काय. नात पिंकी ताट सोडून नाचली. सून बोलली, आईंना कशाला त्रास, किती चालावं लागेल. मी बोलली, रेखा, मला सोडून गेलात तर आतून कडी लावीन, आल्यावर ओट्यावर झोपा तिघं. दिन्याला ठसका लागला हसून.
सहा वर्षांत पोराने सुट्टी घेतली ती एकदाच, ह्यांच्या तेराव्याला.

१९ एप्रिल, रविवार
उशीचे अभ्रे धुतले. दिन्याचा पिवळाधमक. रंगखात्यात काम, अंगात मुरतो, मग झोपेत घामातून बाहेर. दोनदा साबण लावून आंघोळ करतो तरी. मी अभ्रा रेखासमोर धरला. "हळद अजून उतरली नाय गो तुझ्या नवऱ्याची. नऊ वर्षं लग्न चालूच हाय तुमचं." लाजली.
कारखान्यात रोज गुळाचा खडा देतात. गुळाने आतला रंग धुवून लघवीवाटे निघतो म्हणे. पिवळी झाली, नारंगी झाली की पोरं खूश, निघतोय बोलतात. एकमेकांना विचारतात, आज कुठला? दिन्या सायकल लावतो तवा मी पण ओट्यावरनं विचारते, काय रे, आज कुठला? तो ओरडतो, केशरी! पिंकी खिदळते. शेजारच्या वहिनी तोंडाला पदर लावून आत जातात, पण दाराआड ऐकत असतात. मला ठाऊक हाय.

२६ एप्रिल, रविवार
दिन्या पालघरला जाऊन बुकिंग करून आला. १६ ते १८ मे. शनि, रवि, सोमवारी सकाळी खोली सोडायची. एक रंगीत कागद आणलाय, पिंकी तो उशाशी घेऊन झोपते. त्यात लिवलंय की मोठ्या पाळण्याला उंचीची रेघ हाय, रेघेच्या खाली असेल त्या पोराला बसवत नाय. दाराच्या चौकटीला माप घेतलं. दोन बोटं कमी पडते. रडली. मी बोलली चिकूच्या फांदीला लोंबकळ रोज, वाढशील. आता सकाळ-संध्याकाळ लोंबकळते वटवाघळासारखी. दुसरा उपाय पण सांगून ठेवलाय, डोक्याच्या मधोमध अंबाडा बांधू, आत सुपारी.
रेखा रागावली. आई, खोटं शिकवता पोरीला.
शिकवते. खरं शिकवायला शाळा हाय.

३ मे, रविवार
पाण्यात साडी चालत नाय म्हणे. नायलॉनचे कपडे तिथंच भाड्याने. रेखा, "मी काठावर बसेन." मी बोलली मग मी घालते. साठीची विधवा आखूड चड्डीत, घसरगुंडीवरनं. गावात फोटो लावू. दिन्या पोट धरून हसला.
हसताना पँट खाली आली त्याची. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलंय, ते दुसरं. मी बोलली वाळलास की रे. "उन्हाळा हाय आई. भट्टीजवळ काम." असेल.

४ मे, सोमवार
आजपासनं बंद. बारा वाजेतो झोपला.

९ मे, शनिवार
अभ्रा पांढरा!! सहा दिवसांत. ओट्यावर नेऊन सगळ्यांना दाखवला. मी बोलली उतरली हळद, आता दुसरी बायको करायला मोकळा. रेखाने लाटणं उगारलं, तिला पण हसू आवरेना. पोराची कातडी पण उजळलीय. नखं तेवढी पिवळी. आज फार बरं वाटलं.

१० मे, रविवार
संडासात पाणी टाकायला गेली. मागच्या वर्षी बसवलेलं पांढरं भांडं. दिन्या नुकता बाहेर आलेला, पाणी टाकायचं विसरला.
लाल.
मी पाणी ओतलं. परत ओतलं. तिथंच उभी राहिली.
अभ्रा तर पांढरा हाय. मग हे कुठनं

११ मे, सोमवार
दिन्याच्या खात्यातला रामसजन आला होता, गावाला चाललाय. दिन्या वाडीत होता. मी चहा देताना मुद्दाम विचारलं, कारखाना बंद असला तरी रंग जातो का रे? तो बोलला, "अम्मा, चार-पाँच दिन में सब साफ. फिर पानी जैसा." मी बोलली, आणि लाल आला तर? तो बोलला, "लाल? लाल तो अपने यहाँ बनता ही नहीं, अम्मा. पीला, नारंगी, बस."  बशीत चहा तसाच. माझ्याकडं बगेना.
दुपारी दिन्याला थाप मारली, संडास तुंबलाय, मोरीत टमरेल ठेवलंय, त्यातच जा, वास मारतो म्हणून लगेच ओतून येते. तो बोलला आई, तुझं काय तरी चाललंय. गेला मात्र. खोकल्याच्या औषधाची बाटली उकळून ठेवली होती.

१२ मे, मंगळवार
रेखाला बोलली दाढ दुखते, पालघरला जाते. पहिल्या एस्टीने. बाटली पिशवीत, वर कोथिंबिरीची जुडी. एस्टीत शेजारी बसलेली बाई बोलली कोथिंबीर पालघरला कशाला नेता? मी बोलली डॉक्टरला भाजी करायला. जीभ चालूच असते माझी. 
ह्यांना बघायचे तेच म्हातारे डॉक्टर. बाटली उजेडाला धरली. बराच वेळ. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, मुलगा रंगखात्यात आहे ना?
हो.
"बंद किती दिवस?"
आठ.
"ह्यात रक्त आहे, बाई."
मी बोलली, दुखत नाय हो त्याला. तक्रार नाय काही. मला वाटलं हे ऐकून तोंड उजळेल त्यांचं. ते बोलले, दुखत नाही हेच वाईट. दुखलं असतं तर लवकर आला असता. मूत्राशयात आहे का ते आतून नळी घालून बघावं लागेल, इथं होत नाही, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. पत्र लिहून पाकीट चिकटवलं. उशीर करू नका. मी विचारलं, काय असेल? बघितल्याशिवाय नाव घेत नाही, बोलले. नाव नाय घेतलं म्हणजे कळलंच.
परत येताना कोथिंबीर एस्टीतच राहिली.

१३ मे, बुधवार
सकाळी वाडीत गाठला. केळींना पाणी लावत होता. मी पाकीट दाखवलं. कुदळ ठेवली त्याने.
"कदीपास्नं?"
"दिवाळी."
सात महिने. मी पाटातच बसली, लुगडं भिजलं. तो बोलला, पयल्यांदा मला वाटलं गुळाने जास्त निघतोय. बरं वाटलं. मग ध्यानात आलं लाल आपल्याकडं बनत नाय. मधे महिनाभर थांबलं, वाटलं गेलं.
मी बोलली, अरे पण मी रोज विचारायची तुला. रोज!
"तू हसत विचारायचीस. मी पण हसत सांगायचो, केशरी."
 
सगळ्या गावाला हसवलं मी त्यावर. पोरीला हसायला शिकवलं.
उद्याच मुंबईला चल बोलली. नाय बोलला. पार्क आधी. "आत घेतलं की कदी सोडतील कुणाला ठाऊक. पिंकीला दोन दिवस दे, आई. सात महिने गेले, चार दिवसांनी काय होतंय?" मी भांडली. शिव्या दिल्या, बापावर गेलायस बोलली. तो ऐकून घेत पाट बांधत राहिला. शेवटी असं ठरलं. सोमवारी सकाळी खोली सोडली की घरी यायचंच नाय, तिथूनच सरळ इस्पितळ. त्याने माझ्या हातावर हात ठेवून कबूल केलं.
आणि रेखाला? "तू सांग. माझ्याच्यानं नाय होणार. पण तिथं गेल्यावर सांग, आधी नको. तिला पण एक दिवस हसू दे."
कबूल केलं मी. चूक की बरोबर, देवीला ठाऊक.

१४ मे, गुरुवार
रेखा लाडू वळतेय, चिवडा. गाणं गुणगुणते. मी समोर बसून बेदाणे निवडले, डोकं वर काढलं नाय. दाढ कशी हाय आई? बरी हाय.
दोनदा तोंडाशी आलं. दोनदा गिळलं. दिन्याला शब्द दिला नसता तर आज सांगून टाकलं असतं.
पिंकीचं माप. अजून दोन बोटं कमीच.

१५ मे, शुक्रवार
दिन्याला गूळ द्यायचा बंद केला. चहात पण नाय. कशाने काय होतं ठाऊक नाय पण मला बघवत नाय तो गूळ.

१६ मे, शनिवार. पार्कात
पोचलो. आवाज किती, ओरडणं किती. लोक पैसे देऊन घाबरतात इथं. खोली दुसऱ्या माळ्यावर, खिडकीतनं मोठा पाळणा दिसतो. रेघेजवळचा माणूस पिंकीच्या अंबाड्याला हात लावून हसला आणि नाय बोलला. सुपारी काढून मी त्याच्याच हातावर ठेवली, घ्या, पान लावा. पिंकी रडली नाय, शहाणी. दिन्याने तिला खांद्यावर घेतलं, बोलला आता तूच सगळ्यात उंच. पंधरा पावलं चालला असेल. मग खाली ठेवली. कपाळ घामाने भिजलं होतं. रेखाने बगितलं.
रात्री सांगणार होती. ती झोपली होती पिंकीला मिठीत घेऊन, तोंड उघडं.

१७ मे, रविवार, दुपार
सगळी पाण्यात. मी पाय दुखतात बोलून वर आली. खिडकीतनं दिसतात तिघं. रेखा शेवटी गेली पाण्यात, नायलॉनचे कपडे घालून, आधी खांबाआड उभी राहिली दहा मिनिटं. आता लाट आली की सगळ्यात मोठ्याने तीच ओरडते. असं ओरडताना मी हिला नऊ वर्षांत ऐकलं नाय.
दिन्या काठावर बसलाय. पाय पाण्यात. दोनदा उठून गेला संडासाकडं, दोनदा परत आला. तिच्याकडं बघत हात हलवतो.
मघाशी रेखा वर आली होती, कोरडा टॉवेल न्यायला. माझी पिशवी उघडली. मी बोलायच्या आत. आत स्टीलचं ताट, वाटी, तांब्या, दिन्याच्या दोन लुंग्या, जुनी चादर. इस्पितळात आपलं आपण न्यावं लागतं, ह्यांच्या वेळचं ठाऊक होतं मला, म्हणून भरलं. ती ताट हातात घेऊन बोलली, "आई, दोन दिवसांसाठी हे कशाला?"
मी बोलली, हॉटेलातली ताटं कुणी धुतली काय ठाऊक, माझा नाय विश्वास.
हसली. "तुमी पण ना, आई." ताट परत ठेवलं, वर लुंगी नीट घडी घालून. केसांतनं पाणी गळत होतं, लुंगीवर पडलं ते टिपायला पदर शोधला, पदर नाय हे विसरून. मग परत हसली, आणि गेली.
तिने खरं मानलं. ही माझी गंमत तिने लगेच खरी मानली.
दिन्याने आता वर बगितलं, खिडकीकडं. मी नाय अशी मान हलवली, अजून नाय सांगितलं. तो खाली बघत बसला.
उद्या सकाळी नऊला खोली सोडायची.
रेखा टॉवेल विसरून गेलीय. पलंगावरच हाय. काठावर येऊन शोधते, आता इकडं बोट दाखवते, पिंकीला दिन्याजवळ बसवते. एकटीच निघाली.
या वेळी गंमत नाय. पहिलं वाक्य काय बोलू तेवढं ठरवते. रेखा, बस इथं. एवढंच सुचलंय. बस इथं, आणि
जिन्यावर ओल्या चपला वाजतायत. वही मिटते.