बाप्तिस्म्याचा झगा

ॲन आर्बर, अमेरिका

प्रिय रेजिना,

गुडघा कसा आहे? मी बरी आहे, थंडी सोसते, बसने एकटी चर्चला जाते. काळजी नको.

नातवाचा, आर्यचा बाप्तिस्मा मात्र होणार नाही. सूनबाई प्रीता शेजाऱ्यांच्या बायबल अभ्यासाला जाते. तिथे शिकवतात, की येशू देव नाही. तो देवाने सर्वांआधी घडवलेला, दूतांचा प्रमुख मीखाएल. म्हणून पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाळावर पाणी घालायचं नाही. मोठा झाला की तो स्वतः ठरवेल.

आपला ऑल्विन म्हणतो, "मम्मी, चिल कर. एंजल काय, सन काय, रिस्पेक्ट तर करतात ना?"

म्हटलं, "उद्या मी तुला या घरातला गडी म्हणाले तर चालेल? पगार चांगला देईन."

तो मोबाइल घेऊन आत गेला. प्रीता मात्र हटली नाही. तिने बायबल उघडून वचनं दाखवली, मीही दाखवली. पोळ्या करपल्या.

काल आर्यला अंघोळ घालताना तांब्या त्याच्या डोक्यावर धरला. तिन्ही नावं ओठांवर आली होती. पण कॉन्व्हेंटात सिस्टरांनी बजावलं होतं ना, मूल मरणाच्या दारात असेल तरच आपण साध्या माणसांनी बाप्तिस्मा द्यायचा. आणि हा लबाड तर खिदळत होता! नुसती अंघोळच घातली.

गावात कुणी विचारलं, तर थंडीमुळे बाप्तिस्मा पुढे ढकलला म्हण.

आपण दोघींनी बाप्तिस्म्याला घातलेला झगा परत आणते आहे. धुवायला नको, तुझी इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही.

तुझी थोरली,
फिलोमिना