बेबीचा लूप

११ फेब्रुवारी २०२५

बेबीच्या पोटात लूप आहे! बहात्तराव्या वर्षी!

दोन महिने थोडं थोडं रक्त जात होतं, बाईनं मला, नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. परवा सुनेनं, दीप्तीनं, डाग बघितला आणि आज सासूला हाताला धरून इथल्याच, जानकीपुरमातल्या नर्सिंग होममध्ये नेलं. मी बाहेर बाकावर. सोनोग्राफी झाल्यावर मला आत बोलावलं. डॉक्टरीण अगदी पोरसवदा. पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "अम्माजी, ये लूप कब लगवाया था?"

"अस्सी में."

डॉक्टरीण हसली. मग थांबली. "निकलवाया नहीं?"

बेबीनं माझ्याकडे बघितलं नाही. "याद नहीं."

याद नहीं! सत्त्याऐंशी साली काढला की तो. माझी माय तिला घेऊन गेली होती. दोघी रिक्षातून उतरल्या, माय म्हणाली, "काढला बापा एकदाचा." हे मला काल घडल्यासारखं आठवतं, आणि हिला याद नहीं?

काढावा लागणार. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडाही तपासायला पाठवणार. या वयात रक्त म्हणजे बघून घेतलेलं बरं, म्हणाली.

१२ फेब्रुवारी

सकाळी वंदना म्हणून झाली, पण लक्ष नव्हतं. सगळं ऐंशी साल डोळ्यांपुढे.

आमचा अभय सव्वा वर्षाचा. सरकारी दवाखान्यातल्या नर्स बहनजींनी पाळणा लांबवायच्या तीन गोष्टी पुढ्यात ठेवल्या — गोळ्या, ऑपरेशन, लूप. गोळी बेबी रोज विसरणार. ऑपरेशनला मीच नको म्हटलं. "दार कायमचं कशाला लावायचं?" कवितेतल्यासारखं वाक्य पडलं म्हणून स्वतःवर खूश झालो! लूप हवा तेव्हा काढता येतो, म्हणून लूप. बेबीनं एकच विचारलं, "दुखंल का?" बहनजी म्हणाल्या, "चींटी काटेगी, बस." परतताना रिक्षात ती पोट धरून बसली होती आणि मी तिला गोमतीवरचं आभाळ दाखवत होतो.

काय माणूस होतो मी! पण आभाळ खरंच सुंदर होतं.

१३ फेब्रुवारी

अभय तापलाय. "बाबा, काढला म्हणून सांगायचं आणि आत तसाच! हे लोक माणसं आहेत का?" जुने कागद शोधा म्हणतो. अडतीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी कुठून आणू?

१५ फेब्रुवारी

मला मुलगी हवी होती. हे इथं लिहायला लाज नाही.

शाळेच्या पुस्तकातल्या कवितांत मुली परकर सावरत फुलं वेचायच्या. तशी एक आमच्या क्वार्टरच्या अंगणात हवी होती. नाव ठरलेलं — भावना. ओळीही तयार होत्या:

ये ग भावना, ये ग अंगणी,
वाट पाहतो बाबा ओसरीतुनी.

(ओसरी नव्हतीच. क्वार्टरला जाळीचा व्हरांडा होता. पण व्हरांडा वृत्तात बसेना.)

लूप काढला म्हटल्यावर त्याच आठवड्यात अमीनाबादच्या बाजारात गेलो आणि चिकनच्या भरतकामाचं एक झबलं घेऊन आलो. पांढरं, गळ्याशी गुलाबी बुट्टी. असा उतावळा! दोन वर्षं ते ट्रंकेत. मग मायनं ते शेजारच्या मालिनीच्या लेकीला देऊन टाकलं. "पडून पडून पिवळं होईन." मी महिनाभर मायशी धड बोललो नाही.

माय तरी काय कमी! आर्वीहून दर दिवाळीला यायची आणि चारचौघांत बेबीला ऐकवायची, "एकाच पोरात दमली काय वं?" परतताना चारबाग स्टेशनात गाडी सुटली की खिडकीतून ओरडायची, "पुढच्या खेपेले माह्या हातात नात दे!" हमालसुद्धा वळून बघायचे. बेबी मान खाली घालून हसायची. मला मायचा राग यायचा. आणि खरं सांगू? बरंही वाटायचं. माझ्या मनातलं तिच्या तोंडून निघायचं ना!

खोट माझ्यातच, असं मी धरून चाललो. तपासणीला जायची हिंमत नव्हती. एका वैद्याचं चूर्ण तीन वर्षं दुधातून घेतलं. एकदा बेबीला म्हणालोही, "माझ्यातच कमी आहे." ती म्हणाली, "असं नका ना बोलू," आणि पदर तोंडात घालून रडली. मला वाटलं, माझ्यासाठी रडते.

१७ फेब्रुवारी

जेवताना अभयनं पुन्हा विषय काढला. "मैं छोड़ूँगा नहीं. सरकारी हो तो क्या? आई, आठव ना, कोण डॉक्टर होती?"

दीप्ती इथंच जन्मली, वाढली. मराठी कळतं, बोलते हिंदीत. भात वाढता वाढता म्हणाली, "लूप ख़राब चीज़ थोड़ी है! मुझे भी तो लगा है, पाँच साल वाला. बड़ा आराम है. बस डेट याद रखनी पड़ती है."

मी वरणाच्या वाटीत बघत बसलो. अभयला ठसका लागला. बेबी मात्र हसली, कितीतरी दिवसांनी. "आमच्या वेळी असं ताटावर बोललो असतो, तर ताट उचलून नेलं असतं."

मग अभयकडे वळून — "केस-बिस काही करायची नाही. दवाखान्याची चूक नाही."

"मग कुणाची?"

ती पोळी मोडायला लागली.

मी वर बघितलं. तिला माहीत होतं! की मलाच तसं वाटलं?

१९ फेब्रुवारी

निघाला. अर्ध्या तासाचं काम. डॉक्टरणीनं स्टीलच्या ट्रेमध्ये दाखवला — प्लास्टिकची वळणावळणाची तार, नागमोडी, पिवळट. एवढीशी! तिच्यापायी आमची भावना आली नाही.

मी विचारलं, "काढायचा प्रयत्न फसला असेल का? अर्धवट राहिला असेल?"

"लगता तो नहीं, अंकल. धागा पूरा का पूरा है. किसी ने खींचा होता तो अक्सर टूट जाता है."

अभय औषधं आणायला गेला होता. त्यानं ऐकलं नाही. मी ऐकलं.

२० फेब्रुवारी

विचारलं नाही. तिला ताप आहे थोडा.

२१ फेब्रुवारी

आजही नाही. तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत विचारू नये, असं ठरवलंय. समजा काही वाईट निघालं, तर हा प्रश्न मी कुठल्या तोंडानं विचारणार? आणि नाही विचारला तर तो घेऊन किती दिवस राहणार? अठ्ठ्याहत्तर वय माझं. तिनं मला फसवलं, की तिलाच कुणी फसवलं — एवढंच कळायला हवं. दुसरं काही नको.

दुपारभर जुन्या ओळी आठवत होतो. एकही पुरती आठवली नाही.

२५ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. काही वाईट नाही! जुनी सूज आहे, औषधानं जाईल. दीप्तीनं फोनवरच "थँक गॉड" म्हणून किंकाळी फोडली.

बेबी गच्चीवर उन्हात मटार सोलत होती. शेजारी बसलो. चार शेंगा सोलल्या. मग म्हटलं, "सत्त्याऐंशीत तो काढलाच नव्हता ना?"

"नाही."

"तुला माहीत होतं."

"हो."

मला उठून जायचं होतं, पण गुडघे तिच्या आधाराशिवाय उठू देत नाहीत. ती दाणे वाटीत टाकत राहिली. म्हणाली, "शपथ घातली होती मला. उद्या सांगते. आज जरा दम खाऊ द्या."

कुणाची शपथ?

२६ फेब्रुवारी

सांगितलं. अभयच्या वेळी रक्त थांबत नव्हतं, तेव्हा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाळासाठी ओळी जुळवत होतो. पुरुषांना आत सोडत नव्हते. दुसऱ्या खेपेला ही वाचायची नाही, हे डॉक्टरणीनं मायला सांगितलं होतं. सत्त्याऐंशीत दोघी गेल्या, नंबर लागला, आणि मायनं बेबीला बाकावरून उठवून परत रिक्षात बसवलं.

मी म्हटलं, "मला सांगायचं ना!"

"मीही हेच म्हटलं. तर माय शपथ घालून म्हणाल्या, तो ऐकन, रडन, अन् मंग दुसरा डाक्टर पाहू म्हनन. काढला म्हून सांगू. टोमणे मी मारीन, तू मनावर घेऊ नोको. त्याले पोरगी पायजे, बेबे. मले तू जित्ती पायजे."