बाहेरून कुलूप

४ फेब्रुवारी

प्रिय टिल्ले,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे माझं अर्धं काम झालं. तू आणि घरची सगळी मजेत असाल असं धरून चालते. फोन केला असता, पण तू उचलला नसतास तर वाईट वाटलं असतं आणि उचलला असतास तर काय बोलायचं ते सुचलं नसतं. कागद बरा. खोडता येतं.

बातमी अशी, की माझा उजवा घोटा बदलला. गुडघे बदलणारे पुष्कळ असतात, घोटा बदललेली आमच्या ओळखीत मी पहिलीच. कारखान्याच्या पायरीवरून पडले होते बघ, ते हाड तेव्हा वाकडं जुळलं आणि मी त्याच पायावर कटिंगच्या टेबलाशी उभी राहत गेले. एकतीस वर्षं शाळेचे गणवेश कापले. शेवटी शेवटी हाडावर हाड घासायचं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "एवढ्या पायावर तुम्ही चालत होतात कशा?" मी म्हटलं, "सवयीनं." आता आत धातू आहे आणि मध्ये प्लॅस्टिकची चकती.

ऑपरेशन बारा जानेवारीला झालं. टाके निघाले, पुन्हा प्लास्टर चढलं. सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. आणि पाय सतत काळजाच्या वर ठेवायचा, नाहीतर सुजतो. साठी जवळ आल्यावर पायाला एवढा मान मिळेल असं वाटलं नव्हतं. दिवसभर उताणी पडून मी माझीच बोटं बघते. अंगठा बधिर आहे, पण मध्येच त्यातून विजेचा झटका बसावा तशी कळ जाते. चादरीचा नुसता काठ लागला तरी मी ओरडते. सूनबाई बिचारी चादर अशी उचलते, जसं काही खाली तान्हं मूल निजलंय.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही हे तुला माहीतच आहे. मला तिसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं. समोरच्या दारातले घड्याळवाले खुर्चीचा पुढचा पाय धरून होते. "ताई, जरा श्वास सोडा, हलक्या व्हाल," म्हणाले. हसताना मी जवळजवळ घसरलेच.

मुलगा छापखान्यात आणि सूनबाई तपासणीच्या लॅबमध्ये. नऊला दोघं बाहेर पडतात, साडेसहाला येतात. उशाशी डबा, पाण्याची बाटली, गोळ्या, फोन. पलंगाला लागून भांड्याची खुर्ची. सगळं हाताशी. दुसऱ्या आठवड्यात बेल वाजली म्हणून मी वॉकर धरून लंगडत गेले आणि चपलांच्या मांडणीवर आदळले. फार लागलं नाही, पण मुलगा घाबरला. म्हणाला, "आई, आता बेल वाजली तरी उठायचं नाही. आम्ही बाहेरून कुलूपच लावून जातो, म्हणजे कुणी बेल वाजवणारच नाही."

पोरगं काळजीनं बोलतंय, त्यात काय चूक काढणार.

तुझ्या थोरलीला आता नोकरी लागली असेल ना? धाकटीचे दात सरळ झाले का? सात वर्षांत किती बदलल्या असतील. मी इथे फक्त छताला असलेली एक चीर पाहते. तिची लांबी मला पाठ आहे, सवय जात नाही.

कुणाला काही विचारायचं म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. सहज लिहिलं.

तुझी थोरली बहीण


१० मार्च

प्रिय टिल्ले,

तू उत्तर दिलं नाहीस. रागावले नाही. हक्कच नाही.

प्लास्टर गेलं, गुडघ्यापर्यंतचा जाड बूट आला. व्यायामवाल्या बाई आठवड्यातून दोनदा, घरी कुणी असताना येतात. तरुण आहेत, आवाज हवालदाराचा. त्यांनी वजनकाटा जमिनीवर ठेवला आणि म्हणाल्या, "फक्त दहा किलो भार द्या. काटा बघा." मी, जिनं कापडाचे गठ्ठे उचलले, ती दहा किलो द्यायला घामाघूम झाले. घोट्यात कुणीतरी चिमट्यानं पिळतंय असं वाटतं. बाई म्हणतात, दुखणं वर्षभर राहील, सूजही. आणि दिवसभर उभं राहण्याचं काम विसरा. हे त्यांनी बूट आवळता आवळता सांगितलं, मला वाटतं मुद्दामच, म्हणजे मी बुटाकडे बघावं.

आता जे लिहायचं ते लिहिते. तीन कागद फाडून झालेत.

मागच्या गुरुवारी दुपारी जळका वास आला. आधी वाटलं भास आहे. मग दाराच्या फटीतून धूर दिसला. मी मुलाला फोन लावला, लागला नाही. सूनबाईचा लागला नाही. टिल्ले, मी पलंगावरून खाली घसरले आणि बसून, हातांवर जोर देत, दारापर्यंत सरकत गेले. दार ओढलं. ते बाहेरून बंद होतं हे मला माहीत होतं, तरी ओढलं. मग मी दोन्ही हातांनी बडवायला लागले.

घड्याळवाले धावत आले. दारापलीकडून म्हणाले, "ताई, घाबरू नका, खाली कुणाचं तरी दूध करपलंय. गॅस बंद केलाय."

"दार उघडा ना," मी म्हटलं.

"किल्ली कुठेय माझ्याकडे?"

ते तिथेच बसले, बाहेर, जिन्यावर. मी आत, दाराला पाठ लावून. साडेसहापर्यंत ते माझ्याशी घड्याळांच्या गोष्टी बोलत राहिले. मी हूं हूं करत होते, आणि मला तू दिसत होतीस. सात वर्षांपूर्वी आईला भेटायला येऊन त्याच जिन्यावर बसलेली. आणि आत आई.

शनिवारी व्यायामवाल्या बाई आल्या तेव्हा मुलगा घरी होता, दाराशी टेकून उभा. बाईंनी माझ्या तळहातावरचे ओरखडे पाहिले. विचारलं, "दिवसभर एकट्याच असता? दार आतून उघडता येतं ना?"

मी म्हटलं, "छे हो, कुलूप कुठलं. त्या दिवशी चुकून लागलं असेल. माझी फार काळजी घेतात दोघं."

बाईंनी कुलपाचा शब्दही काढला नव्हता. वाक्य तोंडातून निघालं आणि मग मला ऐकू आलं. ते माझं वाक्य नव्हतं, आईचं होतं. मामांच्या घरी, सगळ्यांसमोर ती हेच बोलली होती, शब्द न शब्द. मुलगा मला धमकावत नाही गं. साधा, भला मुलगा आहे. पण माझा चहा त्याच्या हातात आहे. माझं भांडं तो रिकामं करतो. तो दाराशी उभा असताना मला दुसरं काही बोलताच आलं नाही.

तू कुलपाचं मामांना सांगितलंस आणि त्या रविवारी त्यांनी आईला विचारलं, "थोरली तुला कोंडून जाते का?" आणि आई म्हणाली, "नाही." मी आजवर स्वतःला समजावत आले की मी तिला काही शिकवलं नव्हतं. खरंच नव्हतं शिकवलं. शिकवायची गरज नव्हती. मी तिच्या शेजारी बसले होते, तिचा हात माझ्या हातात होता. ती माझ्याकडे बघून बोलली, मामांकडे नाही. आणि मी उठून तुला म्हटलं, "म्हाताऱ्या आईला भांडणात ओढतेस? खोटारडी." तू पर्स उचललीस आणि गेलीस. कुणी थांबवलं नाही. आई गेली तेव्हा आलीस, तर मागे उभी राहून तशीच परतलीस. तुझ्या नावाला तो शब्द मी चिकटवला आणि सगळ्यांनी तो मान्य केला.

कुलूप होतं, टिल्ले. त्या एका दिवशी नाही, रोज. आईनं खुब्याच्या ऑपरेशननंतर एकदा जिना उतरायचा प्रयत्न केला आणि पडली, तिथून सुरू झालं. यांच्या माघारी घर माझ्या एकटीच्या पगारावर होतं, घरी बसणं शक्य नव्हतं. हे कारण खरं आहे. पण ती दुपारचं पाणी पीत नाही म्हणून मी तिला रागवायचे, तेही खरं. आता मीही दुपारी पाणी पीत नाही. भांड्याच्या खुर्चीवर बसताना तोल गेला तर उचलायला कुणी नाही, म्हणून. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. आई मला ते सांगू शकत होती. सांगितलं नाही.

हे पत्र व्यायामवाल्या बाईंच्या हाती देणार आहे. घरात कुणी वाचेल म्हणून नाही. घरातल्या कुणाला "टाक रे" म्हणायला आज तोंड होत नाही.

थोरली


२१ एप्रिल

प्रिय टिल्ले,

तुझा कागद मिळाला. वर मायना नाही, खाली नाव नाही, मध्ये एकच ओळ. ती वाचून मी घडी घातली आणि उशीखाली ठेवली. उत्तर द्यायला इतके दिवस लागले याची माफी मागते. आधी इकडचं सांगते, मग उत्तर देते. पळवाट काढते आहे हे तुला कळेलच.

बूट गेला. आता साधा, फीतवाला, रुंद जोडा. सकाळी पहिलं पाऊल टाकताना घोटा दाराच्या गंजलेल्या बिजागरीसारखा अडतो आणि डोळ्यांत पाणी येतं, मग दहा पावलांनी जरा सुटतो. दुपारपर्यंत सुजून टम्म. संध्याकाळी पुन्हा पाय उशांवर. डॉक्टरांनी फोटो बघून "झकास बसलाय" म्हटलं. सांधा झकास बसलाय, मी आपली पडलेय. कारखान्यात निरोप पाठवला की येत नाही. मालकीणबाईंनी माझी कात्री घरी पाठवून दिली. मोठी, दहा इंची. काय करू तिचं? कागद कापते.

मुलाशी बोलले. शनिवारी सकाळी, सूनबाईही होती. म्हटलं, "सोमवारपासून कुलूप लावायचं नाही."

तो म्हणाला, "आई, अजून तू नीट चालत नाहीस. पुन्हा पडलीस तर?"

"पडले तर पडले. दार माझ्या हातात राहू दे."

तो खरंच गोंधळला गं. म्हणाला, "पण आजीच्या वेळी आपण असंच करायचो की. तू लवकर निघालीस तर मीच कुलूप लावून कॉलेजला जायचो. आजी कुठे काय म्हणाली कधी? काही झालं नाही."

मला वाटलं होतं, त्यानं मनात काही धरून ठेवलं असेल आणि माझ्यावर उगवत असेल. तसं काही नाही. माणसाची काळजी अशी घ्यायची असते, हे तो माझ्याकडून शिकला. बस्स. मायेनं शिकला.

मी म्हटलं, "झालं होतं." आणि त्याला सगळं सांगितलं. तू जिन्यावर बसून राहिलीस त्या दुपारचं, मामांच्या घरचं. तो एकोणीस वर्षांचा होता तेव्हा, त्या दुपारी किल्ली घेऊन तोच आला होता, त्यानं तुला पाहिलं होतं. मीच त्याला नंतर सांगितलं होतं की मावशीला राईचा पर्वत करायची सवय आहे. त्यानं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे मावशी खरं बोलत होती." आणि उठून खिडकीपाशी गेला. सूनबाईनं किल्ल्यांच्या जुडग्यातून ती किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याकडे थोडी वेगळ्या नजरेनं बघते. बघू दे.

मामांना फोन केला. शहाऐंशी वर्षांचे झालेत, ऐकू कमी येतं, त्यामुळे मला सगळं ओरडून सांगावं लागलं. असली गोष्ट ओरडून सांगायची म्हणजे काय ते स्वतः केल्याशिवाय कुणाला कळायचं नाही. घड्याळवाल्यांनी नक्की ऐकलं असेल. मामा म्हणाले, "आता हे उकरून काय उपयोग?" मी म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी न्याय केला होतात, तो चुकला होता. तेवढं कळावं म्हणून." त्यांनी फोन ठेवला. मी पुन्हा लावून विचारलं नाही.

दार आता उघडं असतं. तरी मी अजून खाली उतरलेले नाही. जिन्याच्या तोंडाशी जाते, कठडा धरते, पहिल्या पायरीवर पाय ठेवते, घोट्यातून कळ वर येते आणि मी मागे फिरते. कुलूप गेलं म्हणजे सुटले असं होत नाही, हे मला तिथे उभी राहून कळलं. घर तेवढंच आहे. पाय तेवढाच आहे. साडेनऊनंतर आवाज बंद होतात आणि दिवस समोर येऊन बसतो.

आता तुझी ओळ. तू विचारलंस, "त्या रविवारनंतर तरी कुलूप लावणं थांबवलंस का?"

नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी डबा भरला, आईचं पाणी ठेवलं, गोळ्या ठेवल्या. कुलूप हातात घेतलं तेव्हा ती पलंगावर बसली होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तिला वाटलं असावं, काल मी हिच्यासाठी एवढं बोलले, तर आज ही लावणार नाही. मला तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं. मी नीट पाहिलं होतं, म्हणून लिहिते. मग तिनं तोंड खिडकीकडे वळवलं आणि म्हणाली, "जा, तुला उशीर होईल."

मी गेले. कुलूप लावून गेले. त्यानंतर ती आठ महिने जगली आणि त्या आठ महिन्यांत, सुट्ट्या सोडून, रोज लावलं. तिनं पुन्हा कधी माझ्याकडे तसं पाहिलं नाही. तू येऊन हे बघशील अशी भीती मला उरली नव्हती, कारण तुला येण्यासारखं मी ठेवलंच नव्हतं.

एवढंच होतं. यापुढे काही लपवलेलं नाही. मला ये म्हणायचं नाही, माफ कर म्हणायचं नाही. तू या कागदाचं काय करायचं ते कर, कुणालाही दाखव, मी नाकारणार नाही. म्हणूनच फोनवर न सांगता हातानं लिहून दिलं.

तू खोटं बोलली नव्हतीस. आईही तिच्या मनानं बोलली नव्हती. त्या खोलीत खोटं बोलणारी एकच होती.

ती,
तुझी ताई