हातबदल

प्रिय भिंगरी,

फोनवर तू हल्ली माझ्याशी मोजून चार शब्द बोलतेस. रागावली आहेस, कळतं मला; फुगलेलं नाक इथूनही दिसतं. जिच्या आईने आयुष्यभर लोकांच्या लेकीसुनांची बाळंतपणं केली, तिलाच आईने सांगावं की माझ्याकडे येऊ नकोस, तिकडच्या मोठ्या दवाखान्यातच नाव घाल! तुला कळा बधिर करणारं इंजेक्शन न घेता, आमच्याच प्रसूतिगृहात, माझ्या हातून मोकळं व्हायचंय. दिवस भरायला पाच आठवडे राहिले आणि मी अजून ‘नको’वरच अडले आहे. मनगटं दुखतात म्हणून नको, असं मी तुला सांगत आले. मनगटं दुखतात हे खरं, पण कारण ते नव्हे.

आधी कामाचं सांगते, नाहीतर पुढचं वाचून तू हे विसरशील. सुरुवातीच्या कळा चालत काढ. आडवं पडून छताकडे बघत बसलं की कळ दुप्पट वाटते. दमलीस की खुर्चीवर उलटी बस आणि खुर्चीच्या पाठीला छाती टेकव. कंबर फारच भरून आली तर सरळ रांगायला बस. लाजून कोणाची लवकर सुटका झालेली मी अजून पाहिली नाही. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कमरेला लाव. जबडा सैल सोड, दात आवळले की खालचंही सगळं आवळतं. ओरडायचंच तर खालच्या सुरात ओरड, किंचाळण्यात दम जातो. जावईबापूंना सांग, माकडहाडाच्या जरा वर तळहात रोवून दाबायचं, नुसतं कुरवाळत बसायचं नाही. हवं तर उशीवर सराव करू देत. आणि एवढं करून नाहीच सोसलं तर खुशाल इंजेक्शन माग, त्यात काही कमीपणा नाही.

आता खरं सांगते. आमच्या मुख्य नर्स, मोठ्या बाई, यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला होता. कळा देणाऱ्या बाईची कंबर मोकळी सोडायची नाही. दाबणारीला उठायचं असेल तर दुसरीने येऊन आपला हात तिच्या हातावर ठेवायचा, मग पहिलीने खालून आपला हळूच काढून घ्यायचा. बाईला पत्ताही लागत नसे. याला आम्ही हातबदल म्हणायचो. पुढे पुढे आम्ही इतक्या सरावलो की मागे वळून बघतही नसू. हातावर हात आला की उठायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

एकोणतीस वर्षांपूर्वी बेकरीत मैदा मळणारी एक बाई आली. पिशवी घेऊन, एकटीच, चालत. सोबत कोण आहे असं विचारलं तर पोटाकडे बोट दाखवून हसली. तिच्या डाव्या करंगळीचं पेर बेकरीतल्या मशीनमध्ये गेलेलं होतं. कळा अजून लांब होत्या, तर शेजारच्या पलंगावर रडणाऱ्या पोरीची कंबर हीच दाबून द्यायला लागली. काय हात होता! गरम, जड, नेमका दुखतं तिथेच पडणारा. ती पोर दहा मिनिटांत गप्प झाली. मी थट्टेने म्हटलंसुद्धा की मैदा सोड आणि आमच्यात ये.

दुपारी तिच्या कळा वाढल्या. तोवर ती शेजारची पोर मोकळी होऊन खोलीबाहेर गेली होती. हिच्या बाळाची पाठ हिच्या पाठीकडे, त्यामुळे सगळं दुखणं कमरेत. मी दोन तास दाबत होते. तेवढ्यात समोरच्या खोलीत एकीच्या बाळाचं डोकं दिसायला लागलं आणि मला हाक आली. माझ्या जोडीची नर्स, तिला आम्ही लांबडी म्हणायचो, माझ्या जागी यायची होती. हातावर हात आला. मी माझा काढून घेतला आणि गेले.

लांबडी आलीच नव्हती, ती डॉक्टरीणबाईंना बोलवायला खाली धावली होती. तो हात त्या बाईचाच होता. तिने हात मागे वळवून माझा धरून ठेवला होता, जाऊ नको म्हणून. ती अर्धी करंगळी माझ्या बोटांना लागली होती गं. हाताला कळलं होतं, मला कळलं नाही. वीस मिनिटांनी परत आले तेव्हा बाळ आलेलं होतं आणि पलंगाखाली रक्ताचं थारोळं. तिचा एक हात बाळावर होता आणि दुसरा तसाच मागे, कमरेवर. डॉक्टरीणबाईंनी शर्थ केली, पण ती गेली. कोणी जवळ असतं तरी कदाचित वाचली नसती, असं त्या म्हणाल्या. त्या एका ‘कदाचित’वर मी आजवर दिवस काढले.

महिनाभराने त्याच खोलीत एक बाळंतीण मला म्हणाली की तुमच्या त्या दुसऱ्या बाईंनाही माझा नमस्कार सांगा, त्या लहान करंगळीवाल्या. त्या दिवशी खोलीत मी एकटीच होते. बाळंतिणी काय वाटेल ते बोलतात, म्हणून मी सोडून दिलं. मग दुसरी तेच बोलली, मग चौथी, दहावी. एकमेकींना कधी न पाहिलेल्या बायका, पण वर्णन सगळ्यांचं एकच: हात गरम, नेमका दुखतं तिथे, आणि खोलीत ताज्या पावाचा वास. लांबडीने बदली मागून घेतली. बायका मात्र कधी घाबरल्या नाहीत, घाबरले ती मी. मी दोन्ही हातांनी दाबत असले की वरून तिसऱ्या हाताचं वजन यायचं. माझी बोटं दबायची. मागे वळून बघितलं तर भिंत, खिळा आणि खिळ्याला टॉवेल. मी हात काढत नसे. बाळ येईपर्यंत आम्ही दोघी दाबत राहायचो. त्यानंतर त्या खोलीत एकही बाई दगावली नाही, हेही तुला सांगायलाच हवं.

तिच्या बाळाला घ्यायला कोणीच आलं नाही. दोन महिने ते आमच्यापाशीच वाढलं, मग तुझ्या बाबांनी आणि मी रीतसर कागद करून त्याला घरी आणलं. ते बाळ तू. बाबा गेल्यावर घरात हे जाणणारी मीच उरले आणि मी तोंड शिवून बसले. तुला इथे येऊ देत नव्हते ते भुताच्या भीतीने नाही. त्या खोलीत तिचा हात तुझ्या कमरेवर पडेल आणि तुला तो ओळखीचा वाटेल, माझ्यापेक्षा जवळचा वाटेल, याची मला भीती वाटत होती. मला तिचा हेवा वाटतो, भिंगरी. पण गेले तीन आठवडे त्या खोलीत तो हात आलेला नाही. बायका पूर्वीसारख्या कळवळून रडतात, पावाचा वास नाही. आणि परवा तू राग विसरून, फोन ठेवता ठेवता हसत म्हणालीस की दुपारी एकटी असताना पाठ दुखायला लागली की कोणीतरी दाबून दिल्यासारखी आपोआप थांबते. आरशात कमरेवर तांबूस वळ दिसले, चार बोटं आणि एक अर्धं, गरोदरपणात असं होतं का, असं विचारलंस. मी ‘होतं’ म्हणाले आणि फोन ठेवून पिशवी भरायला घेतली. घाबरू नकोस. ती तुझी आई आहे, माझ्या आधी पोचली आहे. गुरुवारच्या बसने मी निघतेय. तू दार उघडायच्या आत तुला हे कळलेलं असावं, म्हणून लिहिलं. घरात घ्यायचं की नाही ते तू ठरव. घेतलंस, तर कळा सुरू झाल्यावर तुझ्या कमरेवर दोन हात असतील. गरम असेल तो तिचा. थरथरत असेल तो माझा, आणि या वेळी मी तो काढणार नाही.

तुझीच,
आजवरची आई