कोरड्या पायऱ्या

४ फेब्रुवारी

चहावाला आजही म्हणालाच — "या, कोरडे मिस्त्री!" वर्षानुवर्षं हेच, यांची जीभ काही झिजत नाही.

धक्क्याच्या पायऱ्या मी बांधल्या, चाळीस वर्षांपूर्वी. ओहोटीतही खालच्या दोन पाण्यात राहाव्यात, असं माप होतं. आता त्या उघड्या पडतात, नावेत चढायचं तर आधी चिखलात उतरा. म्हणजे मिस्त्रीचं माप चुकलं! वर मलमपट्टी — "पण शाळा मात्र झकास बांधलीत हो."

शाळेचं नाव निघालं की मी चहा अर्धा टाकून उठतो.

९ फेब्रुवारी

भूकंपाचा अभ्यास करणारी एक बाई आलीय. पायऱ्यांवर गुडघे टेकून काहीतरी खरवडत होती. मी खेकसलो, "ओ बाई, माझ्या पायऱ्या आहेत त्या."

"तुमच्या? मग तुम्हालाच शोधतेय मी." पायऱ्यांचा जुना नकाशा मागितला. सुनेने माळ्यावरून काढून दिला. धुळीने मला शिंकाच शिंका.

१२ फेब्रुवारी

जिंकलो!

जिवंत शिंपले चिकटतात, त्याच्या दोन पायऱ्या वर मेलेले शिंपले सापडले. म्हणजे पूर्वी पाणी तिथवर होतं. बाईने बंदराच्या साहेबासमोर, चारचौघांत सांगितलं — "मिस्त्रींचं माप अचूक आहे. जमीनच वर आलीय. दोन पायऱ्यांइतकी." चहावाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं. साहेबाने हात जोडले. मी नुसती मान हलवली, तोऱ्यात.

घरी येऊन मात्र रडलो. ही हवी होती आज. तिलाही बाजारात 'कोरड्या मिस्त्रीची बायको' म्हणायचे.

१३ फेब्रुवारी

सत्कार ठरला! शाळेच्याच पटांगणात. तिसरीतली नात वर्गात सांगून आली — "माझ्या आबांनी जमिनीची चोरी पकडली."

संध्याकाळी बाईला विचारलं, जमीन वर का येते? म्हणाली, "खाली ताण साठतोय. एक दिवस एकदम सुटेल. कधी, ते नाही सांगता येत." मग हसून, "तुमच्या हातची बांधकामं टिकतील, मिस्त्री."

जेवण गेलं नाही.

१४ फेब्रुवारी

शाळेच्या खांबांत सहा-सहा सळ्या हव्या होत्या. मी चारच टाकल्या. माल पोचला नव्हता, उद्घाटनाची तारीख ठरलेली. हिलासुद्धा कधी बोललो नाही.

सकाळी साहेबाला सांगितलं. दुपारी शाळा रिकामी झाली.

नात दप्तर टाकून विचारते, "आबा, सुट्टी कशाची?" तिलाही खरं ते सांगितलं.